दोन सादरीकरणांच्या मधला वेळ : आगामी कार्यक्रमांच्या प्रकल्प नोंदी

२२ जानेवारी

शहरातील कलासमूहाच्या सभासदांची आगामी सादरीकरणे २१ आणि २२ फेब्रुवारी अशा लागोपाठच्या दोन संध्याकाळी, एकाच सभागृहात करायची, हे आजच्या बैठकीत नक्की झाले. कवितावाचन, एकपात्री प्रयोग, छायानाट्य, तालवाद्यांचा गट, एकल पियानोवादन, चेलोच्या साथीने गायन, अकॉर्डियन आणि व्हायोलिनचे सहवादन आणि समूहनृत्य अशी आठ सादरीकरणे आहेत. प्रत्येक कलावंत आपापल्या सादरीकरणाची तालीम मनापासून करत असतो, त्यामुळे तिची काळजी मला वाटत नाही. काळजी वाटते ती दोन सादरीकरणांच्या मधल्या वेळेची, कारण त्या वेळेची तालीम कोणीच करत नाही आणि तिची जबाबदारी कोणाच्याच नावावर नसते. एक कलावंत टाळ्या स्वीकारून आत जातो, दुसरा विंगेत उभा असतो आणि मधल्या अर्धवट अंधारात खुर्च्या, तारा, मायक्रोफोन आणि पडदे यांची हलवाहलव चालते; ती लांबली की प्रेक्षक आपापसांत बोलू लागतात आणि पुढच्या कलावंताची पहिली काही मिनिटे गमावलेले लक्ष परत मिळवण्यातच खर्ची पडतात. याचा फटका मोठ्या आवाजाच्या सादरीकरणाला फारसा बसत नाही, तो बसतो शांत आणि नाजूक सादरीकरणाला. म्हणून या प्रकल्पात रंगमंचावरील प्रत्येक ‘बदल’ हे स्वतंत्र काम मानले जाईल, त्याला प्रमुख नेमला जाईल आणि त्याची तालीमही होईल.

२५ जानेवारी

सर्व गटांना एकच माहितीपत्रक पाठवले. त्यात सादरीकरणाचा टाळ्यांसकट कालावधी, रंगमंचावरील मांडणीचा आराखडा, लागणाऱ्या मायक्रोफोनची यादी, प्रवेश आणि निर्गमन कोणत्या विंगेतून होणार, आणि स्वतःचे सामान कोण उचलणार, एवढेच विचारले आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण वादक आपले वाद्य सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही आणि ते योग्यच आहे. मात्र वादकाने स्वतः वाद्य उचलायचे असेल, तर टाळ्या संपल्यानंतर त्याला आणखी एक फेरी मारावी लागते आणि ती वेळापत्रकात धरावी लागते.

कवींकडून ‘मला काहीच लागणार नाही’ असे उत्तर आले. हे उत्तर मी पुरेसे मानत नाही. ते उभे राहून वाचणार की बसून, कागदावरून की पाठ म्हणून, कागद ठेवायला स्टँड हवा असेल तर तो छातीइतका उंच की त्याखाली, हे कळल्याशिवाय मायक्रोफोनची जागा ठरत नाही. स्टँड उंच असला तर कागदावरून परावर्तित झालेला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो, चेहऱ्यावर सावली पडते आणि मागच्या रांगांना कवीचे ओठ दिसत नाहीत. ज्याची गरज सर्वांत कमी दिसते, त्याच्याशी प्रत्यक्ष बसून बोलायचे, असे ठरवले आहे.

२९ जानेवारी

ध्वनितंत्रज्ञांसह सभागृह पाहिले. लांबट दालन, सुट्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर सरकते जाड पडदे. रिकाम्या सभागृहात टाळी वाजवली की तिचा निनाद रेंगाळतो. हा निनाद मोजण्याची रीत वॉलेस सेबिन यांची. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहात वक्त्याचे शब्द कळत नसत, त्यावर उपाय शोधण्याचे काम १८९५ मध्ये त्यांच्याकडे आले, तेव्हा ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि दुसऱ्या नाट्यगृहातून उसन्या आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या घेऊन त्यांनी रात्री-अपरात्री प्रयोग केले. खोलीचे घनफळ आणि तिच्यातील वस्तूंचे ध्वनिशोषण यांचे जे नाते त्यांना सापडले, ते आजही वापरात आहे: घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागले, की ध्वनी ६० डेसिबलने मंदावायला किती सेकंद लागतात ते, म्हणजेच निनादकाल, मिळतो. बॉस्टनचा १९०० मध्ये खुला झालेला सिंफनी हॉल याच शास्त्राच्या आधारे उभा राहिला.

आमच्या सभागृहाचे घनफळ सुमारे २४०० घनमीटर आहे. पडदे उघडे आणि खुर्च्या रिकाम्या असताना शोषण २२० चौरस मीटर धरले, तर निनादकाल १.७५ सेकंदांच्या आसपास येतो. २५० माणसे येऊन बसली आणि प्रत्येकाने ०.४ चौरस मीटर शोषण वाढवले, असे मानले तर तो १.२ सेकंदांवर उतरतो. गादीच्या खुर्च्या असत्या तर हा फरक एवढा पडला नसता, कारण रिकामी गादीही जवळपास माणसाइतकाच ध्वनी शोषते. याचा सरळ अर्थ असा की रिकाम्या सभागृहात दुपारी जुळवलेला आवाज संध्याकाळी तसाच राहणार नाही. तालमीच्या वेळी शब्द जरा धूसर वाटले म्हणून ध्वनितंत्रज्ञाने घाईने उंच स्वरांच्या पट्ट्या वाढवल्या, तर भरलेल्या सभागृहात तोच आवाज कानाला टोचेल.

१ फेब्रुवारी

कोणते सादरीकरण कोणत्या संध्याकाळी, यावर चर्चा झाली. एक संध्याकाळ शब्दांची आणि एक सुरांची, अशी सुबक विभागणी काहींनी सुचवली होती, परंतु निर्णय भिंतींच्या पडद्यांवरून घ्यावा, असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. बोललेला शब्द स्पष्ट कळायला निनादकाल साधारण एक सेकंद किंवा त्याहून कमी हवा, तर चेलो, पियानो आणि गळा यांना थोडा अधिक निनाद मानवतो. तालवाद्ये मात्र शब्दांच्या बाजूची आहेत. निनाद जास्त असेल तर एका आघाताची शेपटी पुढच्या आघातावर चढते आणि गुंतागुंतीच्या लयीचा चिखल होतो. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी पडदे भिंतींवर ओढून घेऊन, म्हणजे निनाद कमी करून, कवितावाचन, एकपात्री, मध्यांतर, छायानाट्य आणि तालवाद्ये हा क्रम ठेवला आहे. दुसऱ्या संध्याकाळी पडदे उघडून पियानो, चेलो आणि गायन, अकॉर्डियन आणि व्हायोलिन, मध्यांतर आणि मग नृत्य.

तालवाद्ये शेवटी ठेवण्यामागे मानाचा प्रश्न नाही. मोठा आवाज ऐकून झाल्यावर कानाची संवेदनशीलता काही काळ कमी होते आणि त्यानंतर येणारा बिनमाईकचा आवाज प्रेक्षकांना उगाचच दुबळा भासतो. कवींच्या आधी ड्रम ठेवणे म्हणजे कवितेवर अन्याय करणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनाच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली आहे; आम्ही तिच्या बरेच खाली राहणार आहोत, हे तालवाद्य गटाने स्वतःहून मान्य केले, याचे समाधान वाटते.

४ फेब्रुवारी

दुसऱ्या संध्याकाळच्या पूर्वार्धाच्या शेवटी सर्व वादकांनी मिळून एक रचना वाजवावी, अशी कल्पना पुढे आली होती. पियानो आणि अकॉर्डियन शेजारी ठेवून पाहिल्यावर तिला मुरड घालावी लागली. सभागृहातील पियानोचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झला जुळवलेला आहे. हेच प्रमाण १९३९ च्या लंडन परिषदेत सुचवले गेले आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाले. अकॉर्डियन मात्र ४४२ हर्ट्झचे आहे, कारण कित्येक अकॉर्डियन तसेच बनवले जातात. दोघांवर एकाच वेळी तो ‘ए’ स्वर धरला, की सेकंदाला दोन या गतीने एक थरथर ऐकू येते, आणि वरच्या सप्तकात ती दुप्पट होते. पियानोला दोनशेहून अधिक तारा आणि अकॉर्डियनला धातूच्या पट्ट्या. दोन्हींपैकी काहीही मध्यंतरीच्या काही मिनिटांत बदलता येत नाही. व्हायोलिन आणि चेलो यांच्या खुंट्या मात्र वादकाच्या हातात असतात.

त्यामुळे एकत्रित रचना पियानोशिवाय होईल आणि चेलोवादक गायनाची साथ संपल्यानंतर विंगेत जाऊन अकॉर्डियनच्या स्वराला तारा जुळवून परत येतील. पियानोवादिकेने हे ऐकून एका वाक्यात संमती दिली: ‘माझा पियानो आधी एकटा ऐकू दे, मग तुम्ही सगळे वाजवा.’ बदलाच्या तक्त्यात ‘चेलो, पुन्हा जुळवणी, उजवी विंग’ ही ओळ वाढवली. विंगेत त्या वेळी कोणीही बोलायचे नाही, हेही तिथेच लिहिले आहे.

७ फेब्रुवारी

नृत्यासाठी रंगमंचावर व्हिनाइलचे आच्छादन अंथरावे लागते. त्याचे गुंडाळे जड असतात, पट्ट्या एकमेकींना भिडवून चिकटपट्टीने जोडाव्या लागतात आणि एक सुरकुती राहिली तरी नर्तकाचा पाय अडकू शकतो. हे काम मध्यांतरातच होऊ शकते, म्हणूनच नृत्य मध्यांतरानंतर आहे. खालची जमीन लाकडी आणि थोडी लवचीक आहे, हे नृत्यदिग्दर्शिकेने स्वतः उड्या मारून पाहिले. काँक्रीटवर थेट अंथरलेल्या व्हिनाइलवर तिने गट उतरवला नसता आणि मीही तो आग्रह केला नसता.

खरा पेच चेलोचा होता. नृत्याला चेलोची प्रत्यक्ष साथ आहे आणि चेलो ज्या टोकदार धातूच्या दांडीवर उभा राहतो, ती दांडी व्हिनाइलला भोक पाडते. त्यावर वादकांचा नेहमीचा उपाय वापरला: पट्ट्याने खुर्चीच्या पायाला बांधलेली छोटी लाकडी फळी, तिच्यात दांडीचे टोक रुतते आणि सरकतही नाही. चेलोची खुर्ची व्हिनाइलच्या पूर्णपणे बाहेर, डाव्या कडेला घ्यावी, असाही पर्याय होता, पण मग वादकाला नर्तकांचे पाय दिसले नसते आणि या रचनेत लय पायांकडूनच चेलोकडे जाते. फळी वापरायची आणि खुर्ची आत घ्यायची.

९ फेब्रुवारी

परवानग्यांचे काम. एकपात्रीमध्ये एक ध्वनिमुद्रित गाणे वाजणार होते. ध्वनिमुद्रिका विकत घेतली म्हणजे ती जाहीर कार्यक्रमात वाजवण्याचा हक्क मिळत नाही, हे पुन्हा एकदा सर्वांना लिहून कळवले. पॅरिसमधील एका कॅफेत १८४७ मध्ये आपलीच रचना वाजत असताना संगीतकार अर्नेस्ट बुर्झे यांनी बिल भरायला नकार दिला आणि त्या वादातून १८५१ मध्ये सासेम ही रचनाकारांची संस्था उभी राहिली; सादरीकरणाचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे. कलावंतांच्या समूहाने दुसऱ्या कलावंताचे काम न विचारता वापरू नये, एवढे तरी आपण पाळलेच पाहिजे. अभिनेत्याने त्या जागी स्वतः गुणगुणण्याचे ठरवले आणि प्रसंग अधिक चांगला झाला.

१२ फेब्रुवारी

ध्वनिव्यवस्थेची आखणी. एकाच वेळी उघड्या असलेल्या मायक्रोफोनची संख्या दुप्पट झाली की शिट्टी (ध्वनिक्षेपकाचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून होणारी) सुरू होण्यापूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. म्हणजे एकाऐवजी आठ मायक्रोफोन उघडे राहिले तर ९ डेसिबल गेले. म्हणून पुढच्या सादरीकरणाचे मायक्रोफोन आधीपासून रंगमंचावर मांडून ठेवायला माझी हरकत नाही, पण ते ज्याच्या त्याच्या वेळेपर्यंत बंदच हवेत, आणि ते उघडणे ही प्रत्येक बदलाच्या तक्त्यातील शेवटची ओळ असेल. ओळ शेवटची असण्याचे आणखी एक कारण आहे: तार लावताना मायक्रोफोन उघडा असेल तर होणारा धाडकन आवाज प्रेक्षकांना दचकवतो आणि ध्वनिक्षेपकांनाही इजा करू शकतो.

कवींसाठी कार्डिऑइड मायक्रोफोन घेतला आहे. तो पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून कवीला स्वतःचा आवाज ऐकवणारा ध्वनिक्षेपक बरोबर समोर ठेवायचा. गायिकेचा मायक्रोफोन सुपरकार्डिऑइड आहे आणि त्याचे बहिरे कोन मागे तिरके, सुमारे १२६ अंशांवर येतात. तिथे समोर एक ठेवण्याऐवजी दोन्ही बाजूंना एकेक ध्वनिक्षेपक हवा. मायक्रोफोन बदलला आणि ध्वनिक्षेपक तसाच राहिला, की नेमक्या पहिल्याच आलापाला शिट्टी वाजते. हेही बदलाचेच काम आहे.

मागच्या रांगांसाठी १७ मीटरवर दोन लहान ध्वनिक्षेपक लावणार आहोत. २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचाचा आवाज तिथे पोचायला जवळपास ५० मिलिसेकंद लागतात. हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की किंचित उशिरा आलेला दुसरा आवाज कान वेगळा ऐकत नाही, दिशा मात्र पहिल्याची धरतो. म्हणून मागच्या ध्वनिक्षेपकांना ५० वर आणखी १० ते १५ मिलिसेकंदांचा उशीर द्यायचा. शब्द स्पष्ट कळेल आणि तरीही तो कवीच्या तोंडूनच आल्यासारखा वाटेल.

१४ फेब्रुवारी

प्रकाशयोजना. कविता आणि एकपात्रीसाठी चेहरा महत्त्वाचा, म्हणून स्टॅन्ली मॅक्कँडलेस यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत पुरेशी आहे: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवरून आणि ४५ अंश उंचीवरून प्रकाश, एक उबदार छटेचा आणि एक थंड. नृत्याला मात्र समोरचा प्रकाश चपटे करतो. शरीराची घडण विंगेतून, बाजूने येणाऱ्या प्रकाशात दिसते. अडचण अशी की बाजूच्या दिव्यांचे खांब नेमके त्या विंगांतच उभे राहतात, जिथून वादक आणि त्यांचे सामान जायचे आहे. प्रत्येक खांबाची जागा चिकटपट्टीने आखली असून खांब मध्यांतरातच आणले जातील.

छायानाट्याच्या गटाने संपूर्ण काळोख मागितला. त्यांची मागणी कलेच्या दृष्टीने रास्त आहे. त्यांचा दिवा पडद्यापासून ३ मीटरवर असतो, बाहुली दिव्यापासून दीड मीटरवर धरली तर सावली दुप्पट होते आणि एक मीटरवर आणली तर तिप्पट. सूत्रधार बाहुली घेऊन दिव्याकडे दोन पावले सरकतो आणि पडद्यावरचा लहानसा पक्षी अख्खा पडदा व्यापतो. सावलीची कड धारदार राहायला दिव्याचा प्रकाशबिंदू बारीक हवा आणि बाहेरचा प्रकाश शून्य. तरीही बाहेर पडण्याच्या दारांवरील दिवे झाकायचे नाहीत, हे मी स्पष्टपणे सांगितले. शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहात ३० डिसेंबर १९०३ रोजी लागलेल्या आगीत सहाशेच्या वर माणसे दगावली. कित्येक दारे कुलूपबंद होती किंवा त्यांच्या कड्या लोकांना उघडता आल्या नाहीत. अंगाने ढकलताच उघडणारी आडवी दांडी आज दारांवर दिसते, अमेरिकेत तिचा प्रसार त्याच दुर्घटनेनंतर झाला. गटाने पडदा दोन मीटर मागे घेतला आणि थोडा तिरका केला. दारावरच्या दिव्याचा उजेड आता त्यावर पडत नाही. दिवे तसेच राहिले आणि सावलीही.

१७ फेब्रुवारी

बदलांची तालीम. आज एकाही कलावंताने सादरीकरण केले नाही. प्रत्येकाने फक्त शेवटची अर्धी मिनिट आणि पहिली अर्धी मिनिट करून दाखवली आणि मधले सारे आम्ही केले. काही ज्येष्ठ सभासदांना हे आधी अनावश्यक वाटले होते, पण सर्व जण आले.

सर्वांत अवघड बदल छायानाट्याकडून तालवाद्यांकडे जाण्याचा आहे. तालवाद्ये पडद्यामागे आधीच मांडून ठेवता येत नाहीत, कारण तिथून दिव्याचा झोत जातो. म्हणून ती फिरत्या चौथऱ्यांवर, मायक्रोफोनसकट विंगेत तयार उभी राहतील आणि त्यांच्या साऱ्या तारा एकाच पेटीत जोडलेल्या असतील. रंगमंचावर गेल्यावर एकच जाड तार जोडायची. पहिल्या खेपेला साडेसहा मिनिटे लागली. वेळ कशात गेला हे पाहिले, तेव्हा ओझ्यात नव्हे तर वाटेत गेला, असे दिसले: छायानाट्याचा पडदा ज्या विंगेतून बाहेर जात होता, त्याच विंगेतून चौथरे आत येत होते आणि दोन्ही चमू एकमेकांसाठी थांबत होते. पडदा डावीकडून बाहेर, चौथरे उजवीकडून आत, असे ठरवल्यावर काम अडीच मिनिटांवर आले. आणखी घाई मी करू दिली नाही. अंधारात जड सामान घेऊन धावणे हे कोणत्याही कार्यक्रमाच्या किमतीचे नाही.

ती अडीच मिनिटेही रिकामी ठेवायची नाहीत, असे सूत्रसंचालिकेने सुचवले, पण तिने सतत बोलत राहावे, असे मला वाटत नाही. छायानाट्यानंतर प्रेक्षकांना क्षणभर स्वस्थ बसू द्यावे. पडदा बंद, सभागृहात मंद प्रकाश, पहिले मिनिट कोणी काही बोलणार नाही. मग तालवाद्य गटाचा एक वादक पडद्यापुढे एकच वाद्य हातात घेऊन येईल आणि लयीचा पहिला तुकडा मोजून दाखवेल. मागून चौथऱ्यांची चाके फिरतील, ती त्या लयीत ऐकू येणार नाहीत. पडदा उघडेल तेव्हा तो वादक आपल्या जागी चालत जाईल. ही कल्पना गटातील सर्वांत तरुण वादकाची, आणि आजच्या दिवसातील सर्वांत चांगली.

जमिनीवरील खुणांसाठी प्रत्येक सादरीकरणाला वेगळा रंग दिला आहे. वापरून झालेल्या रंगाची पट्टी मध्यांतरात काढली जाईल.

१८ फेब्रुवारी

सूचनापत्रकाचा मजकूर पक्का केला. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, मध्यांतराचा कालावधी, आणि उशिरा येणाऱ्यांना सादरीकरण चालू असताना नव्हे तर बदलाच्या वेळी आत सोडले जाईल, हे ठळक अक्षरांत आहे. नृत्यात झपाट्याने लुकलुकणारा प्रकाश होता. सेकंदाला साधारण ३ ते ३० वेळा चमकणारा प्रकाश काही अपस्मारग्रस्त व्यक्तींना त्रासदायक ठरतो, म्हणून नुसती सूचना छापण्याऐवजी तो प्रसंग दिग्दर्शिकेने सावकाश विझणाऱ्या प्रकाशावर नेला. कवितावाचनाच्या सांकेतिक भाषेतील दुभाषासाठी वेगळा दिवा आहे आणि बाकीचा रंगमंच काळोखा झाला तरी तो विझणार नाही.

२० फेब्रुवारी

रंगीत तालीम झाली. दोन्ही संध्याकाळी प्रकाश, ध्वनी आणि पडदा यांचे इशारे एकाच व्यक्तीकडून, रंगमंच व्यवस्थापिकेकडूनच जातील. आधी ‘स्टँडबाय’, उत्तर आल्यावर ‘गो’. हा शब्द इतर कोणीही हेडसेटवर दुसऱ्या कोणत्याच अर्थाने उच्चारायचा नाही. चेलोवादक रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेशी वाद्य जुळवून घेण्यासाठी अर्धा तास आधी येणार आहेत. पियानोची जुळवणी २२ तारखेला सकाळी होईल आणि त्यानंतर तो जागेवरून हलवायचा नाही. नृत्याच्या वेळी तो मागच्या काळ्या पडद्याआड जाईल, अशीच त्याची जागा निवडली आहे.

उद्या दुपारी २ वाजता भिंतींचे पडदे ओढायचे, ३ वाजता तारांची तपासणी, ४ वाजता कवी आणि अभिनेता यांचा आवाज, ५ वाजता छायानाट्य ते तालवाद्ये हा बदल पुन्हा एकदा पूर्ण वेगाने, आणि ६ वाजता सर्व बाहेरची दारे आतून ढकलून पाहिल्यावरच प्रेक्षकांसाठी मुख्य दार उघडायचे.